पाच साहित्यांचं घर: बडोद्यात नवं घर आतून कसं उभारावं

घर बांधायला काढलेली मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा मोबाइलमध्ये दोन-तीनशे फोटो घेऊनच येतात. दिवाणखाना एका घरातला, स्वयंपाकघर दुसऱ्या, न्हाणीघर कुठल्याशा हॉटेलातलं. एकेक फोटो बघावा तर छानच असतो. पण ते सगळं एका छपराखाली आणलं की घराचं प्रदर्शन होतं. वीस-बावीस वर्षं बडोद्यात हे काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. सगळं 'मॅचिंग' घेतल्याने घर एकसंध दिसत नाही. मोजकी साहित्यं ठरवून तीच घरभर वापरली की ते एकसंध दिसतं. वस्तू कितीही असोत, पणजीच्या असोत की कालच्या, साहित्यं मात्र हाताच्या बोटांवर मोजता आली पाहिजेत.

पटत नसेल तर एकदा आपल्या शहरातला जुना तांबेकर वाडा बघून या. खांब, तुळया, दारं, सगळीकडे लाकूड. भिंतीवरची चित्रं उठून दिसतात ती आजूबाजूला दुसरं काही ओरडत नाही म्हणून. लक्ष्मी विलास राजवाड्याची गोष्ट वेगळी. १८९० साली पुरा झालेल्या त्या वास्तूत व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी आणि बेल्जियमची रंगीत काच एकाच दरबार हॉलमध्ये नांदतात, कारण दालनच तेवढं मोठं आहे. बारा बाय पंधराच्या खोलीत तोच थाट आणायला गेलं की जीव घुसमटतो. आपण वाड्याकडून शिकायचं.

पहिली पायरी: आधी जुन्या घरात टेप घेऊन फिरा

नवीन काही बघण्याआधी आहे ते मोजा. दांडिया बाजारातल्या जुन्या घरातून शहराच्या कडेला भायलीला बंगला बांधून निघालेल्या एका कुटुंबाचं काम माझ्याकडे आलं. त्यांचा सहा फुटी सागवानी झोपाळा मी पहिल्यांदा पाहिला तो भिंतीला उभा टेकवून ठेवलेला, कड्या जुन्या धोतरात गुंडाळलेल्या. कड्या पितळी, मधे मधे पोपट आणि हत्ती. पाटाच्या एका कडेला, जिथे आजोबा रोज हात टेकून उठायचे, तिथलं लाकूड गुळगुळीत होऊन काळपट मधासारखं झालेलं. हा झोपाळा नव्या घरात हवाच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं आणि म्हणूनच कुणी इंजिनिअरला सांगितलं नव्हतं. स्लॅब भरून झाला होता, हूक नव्हते. शेवटी गच्चीचं नुकतंच केलेलं वॉटरप्रूफिंग तोडून, स्लॅबमधून आरपार बोल्ट आणि वरून लोखंडी पट्ट्या टाकाव्या लागल्या. खर्च झालाच, वर पहिल्या पावसात पाणी झिरपेल ही धाकधूकही राहिली.

म्हणून एक वही करा. झोपाळा, देव्हारा, लग्नातलं कपाट, आईचं शिवणयंत्र, पुस्तकांचं शेल्फ, गव्हाची कोठी, घरघंटी, पाट आणि चौरंग, तंबोरा, पेटी. जे जे नव्या घरात येणार आहे त्याची लांबी, रुंदी, उंची लिहा, फोटो काढा, आणि ते कुठे बसणार तेही तिथेच लिहा. झोपाळा असेल तर स्लॅब भरण्याआधी बीमच्या सळ्यांना जाड सळीचे चार हूक बांधून घ्या. ते नकाशात आलेच पाहिजेत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरने ते स्वतः तपासले पाहिजेत. झोपाळ्यावर पडणारा भार हलता असतो, चार माणसं बसून झोका घेतात. नंतर ड्रिल मारून ठोकलेल्या अँकरच्या भरवशावर मुलांना बसवू नका. झोपाळ्याच्या पुढेमागे किमान तीन-तीन फूट मोकळे हवेत आणि पाट जमिनीपासून सोळा ते अठरा इंचांवर, म्हणजे वयस्कर माणसाचे पाय नीट टेकतात.

ही वही पुढे कामाला येते ती दुसऱ्याच कारणाने. घराचे रंग आणि साहित्यं त्यातूनच निघतात.

दुसरी पायरी: ऊन कुठून येतं ते बघा

यावर फार लांबण लावत नाही, पण हे चुकलं की पडदे आणि एसी जन्मभर भुर्दंड भरतात. बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, २२.३ अंशांवर आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४४ अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा टाकला की उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात कोवळं ऊन, दोन्ही मिळतं. पश्चिमेला मात्र छज्जा कामाचा नाही, तिथे ऊन खालून आडवं आत येतं. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली टाका, खिडकी हवीच असेल तर बाहेरून उभी जाळी किंवा झाड. पश्चिमेच्या मोठ्या काचेसमोर ठेवलेला सोफा आणि व्हिनियरचं (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेलं) कपाट दोन उन्हाळ्यांत विटतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

तिसरी पायरी: पाच साहित्यं ठरवा

एक फरशी, एक लाकूड, एक धातू, एक पांढरा आणि एक रंग. बस.

भायलीच्या घरात हे पाचही झोपाळ्याने ठरवले. लाकूड सागवानी, थोडं गडद. धातू पितळ, म्हणून दारांचे हँडल, कड्या, दिव्यांचे होल्डर सगळे पितळी रंगाचे, क्रोमियम कुठेच नाही. फरशी निळसर करड्या कोटा दगडाची, कारण सागवानाची ऊब थंड दगडाशेजारी खुलते. भिंतींना एकच पांढरा, किंचित पिवळसर छटेचा. आणि रंग आमसुली, तो फक्त कापडात: उशा, पडद्यांचे काठ, खुर्च्यांच्या गाद्या.

लाकडाबाबत लोक सर्वांत जास्त घसरतात. दरवाजे एका छटेचे, कपाटाचं लॅमिनेट दुसऱ्या, सोफा तिसऱ्या, वर बाजारातून आणलेलं डायनिंग टेबल चौथ्या. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मीही हे होऊ दिलं होतं. प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या दिवशी पसंत केली आणि शेजारी शेजारी लावल्यावर एकही दुसरीशी बोलेना. तेव्हापासून मी एक हातभर लांबीचा पॉलिश केलेला नमुना सुताराकडून करून घेते आणि दुकानात तो बरोबर नेते. लॅमिनेट असो की तयार खुर्ची, नमुन्याशेजारी ठेवून पटली तरच घ्यायची. सगळं सागवान घेणं परवडणार नाही, गरजही नाही. दार, चौकट आणि जिथे हात लागतो तिथे खरं लाकूड, बाकी त्याच छटेचं व्हिनियर.

पांढऱ्याचंही तसंच. शेडकार्डावरून रंग कधीही पक्का करू नका. तीन बाय तीन फुटांचा पट्टा दोन वेगवेगळ्या भिंतींवर मारा, एक खिडकीसमोरची आणि एक आतली. सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दिवा लावून बघा. एका वेळी तरी तो निळसर किंवा मेंगळट दिसला तर दुसरा घ्या.

संखेड्याचं फर्निचर घरात असेल, आणि बडोद्यात ते बहुतेकांकडे असतंच, तर ते या पाचांत कुठे बसतं ते आधी ठरवा. छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या संखेडा गावचे खराडी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सागवान कातून त्यावर लाखेचं काम करतात. त्यातला सोनेरी रंग म्हणजे कथलाच्या रुपेरी नक्षीवर चढवलेली लाख, आणि झिलई केवड्याच्या पानाने घासून आणतात. लालतपकिरी आणि सोनेरी, एवढं बोलकं काम खोलीत एकच असावं. दोन खुर्च्या आणि एक चौरंग पुरे, अख्खा सेट नको. त्या दोन खुर्च्यांमागची भिंत कोरी ठेवा, मग बघा त्यांचा रुबाब.

चौथी पायरी: वरची रेषा एक ठेवा

याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, पण घर नीटनेटकं वाटण्यात याचा वाटा रंगापेक्षा मोठा आहे. दाराचा माथा, खिडकीचा माथा, कपाटाच्या खणांची वरची पट्टी, स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटांची कड, हे सगळं एकाच उंचीवर यायला हवं. तयार फरशीपासून सात फूट ही सोयीची उंची. 'तयार फरशीपासून' हे शब्द नकाशावर लिहून घ्या. गवंडी कच्च्या जमिनीपासून मोजतो, फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून दोन-तीन इंच चढतात आणि सगळी रेषा बिघडते. स्विचबोर्ड घरभर एकाच उंचीवर, दाराच्या चौकटीपासून सारख्याच अंतरावर. कपाटाच्या वर माळा हवा असेल तर तो छतापर्यंत न्या, मधली धूळ साठणारी फट सोडू नका.

पाचवी पायरी: फरशी

फरशी म्हणजे घराचा पाया-रंग, तो खोलीगणिक बदलू नका. दिवाणखान्यातून स्वयंपाकघर, तिथून झोपायच्या खोल्या, एकच दगड सलग जाऊ द्या. उंबरठा ठेवायचा तर मुख्य दाराला आणि देवघराला ठेवा, बाकी दारांत नको. म्हाताऱ्या माणसांना आणि चाकाच्या खुर्चीला तेच बरं.

कोटा बसवण्याआधी लाद्या सुक्याच अंथरून बघा. एकाच ट्रकमध्ये निळसर आणि तपकिरी, दोन्ही छटा येतात. तपकिरी वेगळ्या काढून कोठीच्या खोलीत वापरा. दुसरं म्हणजे सांधा. खोलीच्या मध्यापासून सांधा काढायचा आणि दाराच्या बरोबर मधोमध नेऊन पुढच्या खोलीत सोडायचा, हे मिस्त्रीला खडूने आखून दाखवावं लागतं. भायलीच्या घरात मी आणि मिस्त्री अर्धा दिवस दोरी ताणून बसलो होतो. आज त्या घरात मुख्य दारात उभं राहिलं की एक बारीक रेष दिवाणखान्यातून, झोपाळ्याखालून, थेट मागच्या अंगणाच्या दारापर्यंत जाते. कुणी तिच्याविषयी बोलत नाही, पण आत आलेला माणूस म्हणतो, घर किती शांत आहे.

कोटा आणि संगमरवर दोन्ही चुन्याच्या जातीचे. लिंबू, चिंच, टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड यांनी त्यांची झिलई जाते आणि संगमरवरावर हळद बसते ती निघत नाही. म्हणून ओट्याला ग्रॅनाइट. फरशी किंवा टाइल्स घेताना मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त आणि एकाच लॉटच्या घ्या.

सहावी पायरी: स्वयंपाकघर बायकांना आणि बाप्यांनाही विचारून

ओट्याची उंची कंत्राटदार ठरवतो ती बत्तीस किंवा चौतीस इंच. तसं नको. जो रोज उभा राहून पोळ्या लाटतो त्याला उभं करा, कोपर काटकोनात वाकवायला सांगा, जमिनीपासून कोपर मोजा आणि त्यातून चार इंच वजा करा. सासू-सुनेच्या उंचीत फरक असेल तर कणीक मळण्याचा भाग एका बाजूला थोडा खाली घ्या.

मॉड्युलर किचनची चित्रं बघून साठवणीचा विचार करू नका, आपलं वर्षाचं चक्र बघा. बडोद्यात अजूनही पुष्कळ घरं उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात, एरंडेल चोळून कोठीत ठेवतात. ती कोठी कुठे? घरघंटीला वेगळा पंधरा अँपिअरचा पॉइंट आणि पीठ उडणार म्हणून खिडकी हवी. लोणच्याच्या बरण्या उंच असतात, एक खण सोळा इंचांचा ठेवा. पाट आडवे रचले की खालचा कधी निघत नाही, त्यांच्यासाठी भिंतीलगत सहा इंच रुंदीची उभी खाच करा, पुस्तकांसारखे उभे राहतात. आणि मागच्या बाजूला चोकडी हवीच. भांडी घासण्याची, पाय धुण्याची ही जागा नकाशातून काढून टाकणारी घरं वर्षभरात ती पुन्हा बांधतात.

सातवी पायरी: देवघर, आणि गौरी-गणपतीची जागा

देवघराला दिशा प्रत्येक घर आपल्या श्रद्धेने ठरवतं, त्यात मी पडत नाही. माझं सांगणं एवढंच की बसून पूजा होणार की उभं राहून, ते आधी ठरवा. बसून असेल तर देव नऊ ते बारा इंच उंचीच्या बैठकीवर आणि समोर मांडी घालायला तीन बाय तीन फूट. समईची काजळी छताला धरते, म्हणून वर लाकूड नको, दगड किंवा धुता येणारा रंग. जुना देव्हारा असेल तर तोच ठेवा, पॉलिशने नवाकोरा करू नका. त्यावरचे कुंकवाचे डाग म्हणजे घरातल्या बायकांचे हात आहेत.

गणपतीचा विचार मात्र नकाशातच करा. आपल्याकडे दहा दिवस गणपती, त्यात गौरी. दिवाणखान्यात चार फूट रुंद एक जागा अशी सोडा की जिथून एरवीचं बैठं टेबल सहज हलवता येईल. तिथे दोन प्लग पॉइंट, वर छतात मखर बांधायला दोन पक्के हूक आणि समोर आरतीला पंधरा माणसं उभी राहतील एवढी मोकळीक.

आठवी पायरी: खालचा मजला पाण्याचा विचार करून

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझ्या आईवडिलांच्या घरात ते कमरेपर्यंत होतं. पाणी ओसरल्यावर मी टीव्हीखालच्या कपाटाचं दार उघडायला गेले तर ते मुठीत ओल्या भाकरीसारखं तुटलं. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं होतं, मीच हौसेने करून दिलेलं. शेजारचं साठ वर्षांपूर्वीचं सागवानी कपाट धुऊन, पुसून, सावलीत वाळवून आज तसंच उभं आहे. त्या दिवसापासून तळमजल्यावर मी एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड वापरत नाही.

तुमची जागा नदी, कांस (पावसाच्या पाण्याचा नाला) किंवा सखल भागाजवळ असेल तर: ओट्याखाली प्लायची खोकी नकोत, कडप्प्याची उभी पार्टिशनं आणि त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या, वर फक्त काढता येतील अशी दारं. कपाटांना सहा इंचांचे पाय. प्लग पॉइंट चार फुटांवर. मुख्य बोर्ड आणि इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर, आणि तळमजल्याचं सर्किट वेगळं, म्हणजे खाली वीज बंद करून वर दिवा चालू ठेवता येतो. करंट गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. फोटो, कागदपत्रं, पैठण्या यांचं कपाट वर.

नववी पायरी: दिवे

घरभर एकाच छटेचा उजेड ठेवा, ३००० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर. अभ्यासाच्या टेबलाला आणि ओट्याला ४०००, म्हणजे जरा पांढरा, चालेल. एका खोलीतून दुसरी दिसत असेल तर दोन्हींत वेगळी छटा नको, एवढं सांभाळलं तरी अर्धं काम झालं. छतात पंधरा-वीस डाउनलाइट ठोकण्यापेक्षा तीन उंचींवर दिवे द्या: एक छताचा, एक भिंतीवर डोळ्यांच्या रेषेत, एक बसल्या जागी. फॉल्स सीलिंगचे नक्षीदार थर मला मान्य नाहीत. दहा फुटांचं छत साडेआठ फुटांवर आणून आपण पंख्याची हवाही घालवतो.

दहावी पायरी: कामाचा क्रम आणि मिस्त्री

आधी भिंतीतल्या वायरिंग आणि पाइपच्या नळ्या. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा, पुढे खिळा मारताना हेच फोटो वाचवतात. मग न्हाणीघरांचं वॉटरप्रूफिंग, आणि त्यात तीन दिवस पाणी भरून खालच्या छताला ओल येते का ते बघणं. मग फरशी, तिच्यावर प्लास्टिक आणि पीओपीचा थर झाकण म्हणून. मग पुट्टी, प्रायमर, रंगाचा एक हात. मग सुतारकाम, पॉलिश, आणि शेवटचा रंगाचा हात सगळ्यांत शेवटी. सुताराच्या धुळीआधी रंग पुरा केला की तो दोनदा करावा लागतो.

प्लायच्या प्रत्येक शीटवर भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का बघा. ओलाव्याच्या जागी आयएस ७१० हवा, कोरड्या जागी आयएस ३०३ चालतो. ७१० च्या मालाची शंका असेल तर तळहाताएवढा तुकडा कापून घरीच तीन-चार तास उकळा, थर सुटले तर माल परत. सुतार कंत्राटदाराशी दर ठरवताना माल कुणाचा, हार्डवेअर कुणाचं, आतून लॅमिनेट की नुसतं प्राइमर, हे कागदावर घ्या. हातात दहा-पंधरा टक्के पैसे बाजूला ठेवा आणि ते पडदे-झुंबरांत आधीच उधळू नका.

अकरावी: भिंतींवर काय

राहायला गेल्यावर महिनाभर भिंती कोऱ्याच ठेवा. कुठे डोळा थांबतो ते तेव्हाच कळतं. आपल्या शहरात १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी आहे, विद्यार्थ्यांच्या कामांची प्रदर्शनं बघा, चांगली प्रिंट तुमच्या आवाक्यातही मिळते. पिठोरा, म्हणजे राठवा आदिवासींचं भित्तिचित्र, हल्ली बऱ्याच जणांना टीव्हीच्या मागच्या भिंतीवर हवा असतो. राठवा समाजात तो देव आहे, नवसाने लखाऱ्याकडून, म्हणजे पिठोरा काढणाऱ्या चित्रकाराकडून, घराच्या भिंतीवर काढवून घेतात. हवाच असेल तर तिथल्या कलाकाराकडून वेगळं चित्र करवून घ्या आणि दारातून आत येताना समोर, मानाच्या जागी लावा.

चित्राचा मध्य साधारण पावणेपाच फुटांवर ठेवा, झोपाळ्यासमोरच्या भिंतीवर त्याहून थोडा खाली, कारण तिथे माणूस बसून बघतो. चुलत-मावस फोटोंच्या फ्रेम वेगवेगळ्या असतील तर सगळ्यांना एकच लाकडी पट्टी लावून घ्या, तुमच्याच लाकडाच्या छटेची.

काम संपलं की एक फाइल करा. रंगाचा कोड, लॅमिनेटचा नंबर, टाइल्सचा लॉट, भिंतींचे फोटो, मिस्त्री-सुतार-वायरमनचे नंबर त्यात जातात. उरलेल्या फरशीच्या दहा लाद्या माळ्यावर उभ्या ठेवा, आणि त्यांच्या पाठीवर खडूने महिना आणि साल लिहून ठेवा.